बारशाची साखर

पनवेलच्या रेशन ऑफिसातले एक कारकून हळू बोलत. समोरच्याने आवाज चढवला की आणखी हळू बोलत. बाळाच्या बारशाआधी आमच्या कार्डावरची साखर कुणीतरी उचलली आणि दुकानदाराने मलाच खोटं पाडलं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. ते टोपी घालून माझ्याबरोबर थेट दुकानात आले.

“या बाईंची साखर कुणी नेली?”

“त्यांनीच,” दुकानदार म्हणाला.

रांगेतली एक आगरी बाई पुढे झाली. “आमचीपन अशीच गेली हाय. पन आमचं आयकतंय कोन?”

“मी ऐकतोय,” कारकून म्हणाले. “आधी या दोघींची साखर मोजा. मग दुकान चालेल.”

दुकानदाराने तराजू उचलला. रांग मोडून सगळ्या बायका कारकुनांभोवती गोळा झाल्या. मी साखरेची पुडी छातीशी धरून घरी पळतच सुटले.