पहिला अलर्ट रफिकभाईच्या फोनवर

मेलेल्या माणसाच्या फोनवर काल सकाळी बोंडअळीचा अलर्ट आला.

फोन रफिकभाईचा. गेल्या शुक्रवारी त्याचं दफन झालं. हार्ट अटॅक.
वय लिहीत नाही. जिवंतपणी त्यानं ते कधी खरं सांगितलं नाही.

तो देऊळगाव राजाचा, मी मोताळ्याची. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तो डेटाबेस बघायचा, मी त्याच्या हाताखाली कोड लिहायचे.

आमचं काम कपाशीतल्या सापळ्यांचं. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग येतात, सेन्सर ते मोजतो, शेतातला एक डबा ते आकडे इंटरनेटवरून आमच्याकडे पाठवतो. पतंग वाढले की शेतकऱ्याच्या फोनवर अलर्ट.

बीटी कपाशी आली तेव्हा आमच्या घरी वाटलं होतं, अळीची कटकट मिटली. कसली मिटते! ही गुलाबी बया बोंडाच्या आत बसून खाते. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की किडकं. दिसेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

म्हणून अलर्ट वेळेवर हवा. आणि खरा हवा.

पहिल्याच हंगामात आमचा अलर्ट खोटा निघाला.

जानेफळला. गावानं फवारणी केली, पतंग तेवढे नव्हतेच. भर उन्हात फवारताना तिथले शेतकरी गजाननभाऊ चक्कर येऊन बांधावर पडले. दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले, पण गावानं आमचे सगळे सापळे उपटून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणून टाकले.

पुण्यात सगळे म्हणाले, सेन्सर खराब.
रफिकभाई एसटीत बसला आणि जानेफळला गेला.

परत आला तो कपाळावर हात मारत.
"डबा मोटरच्या लाईनीवर लावेल हाये!"

बरोबरच होतं की. शेतात दुसरी लाईन असते कुठे? आणि शेतीची लाईट कधी येते, कधी जाते, सांगायला नको. लाईट नसली की डबा बंद, आकडे सेन्सरमध्ये साठून राहायचे. लाईट आली की कित्येक दिवसांचे आकडे एकदम यायचे, आणि आमचा डेटाबेस त्या सगळ्यांवर पोचल्याची वेळ टाकायचा. आठवड्याचे पतंग एका दिवसात दिसले!

"काऊन वं," भाई मला म्हणाला, "कापूस जिनिंगवर कधी आला ते तुम्ही लिहून राह्यले. वेचला कधी, ते कोण लिहीन?"

मग नवा डेटाबेस निवडायची मीटिंग. साहेबांना मोठ्या नावाचा हवा. एकाला जो येत होता, त्याला तोच हवा.
भाईचा एकच सवाल: "लाईट गेली का हा काय करते?"


भाईनं एसी रूममध्ये बेंचमार्कच्या चाचण्या केल्याच नाहीत. सगळे उमेदवार डेटाबेस जानेफळच्या त्याच डब्याला जोडले. म्हणे, "आपली लाईट हाच टेस्ट. इथं टिकला तो कुठंबी टिकते."

शेवटी वेळेच्या क्रमानं आकडे ठेवणारा टाइम-सिरीज डेटाबेस घेतला. लाईट नसताना साठवायला डब्यातच एक छोटा डेटाबेस आणि त्याला बॅटरी. प्रत्येक आकड्यावर सापळ्यात मोजल्याची वेळ. तोच आकडा दोनदा आला तर एकदाच धरायचा. जुने आकडे रोजच्या बेरजेत आवळून ठेवायचे, म्हणजे कमी रेंजमध्येही आलेख उघडतो.

शोध पटकन लागावा म्हणून मी हौसेनं प्रत्येक कॉलमला इंडेक्स लावले होते. लाईट आली की सगळ्या गावांचे आकडे एकदम यायचे आणि त्या इंडेक्सपायी लिहिणं तुंबायचं. भाईनं ते एकेक करून उडवले.
"कपाशीच्या फुकट्या गळफांद्या छाटत नाहीत का वं तुमच्या मोताळ्यात?"
असा राग आला होता! मग स्पीड बघितला आणि चहा मीच पाजला.

आणि एवढं करून या माणसाचा स्वतःच्या सिस्टीमवर भरवसा नाही!

अलर्टच्या यादीत पहिला नंबर त्यानं स्वतःचा टाकला. अलर्ट आधी फक्त त्याला. मग तो गजाननभाऊंना फोन करणार, ते सापळ्यात डोळ्यानं बघणार, ते "हाव" म्हणाले तरच गावाला मेसेज.

साहेब वैतागले. हे कसलं ऑटोमेशन?
"साहेब, डेटाबेस चुकला तर दुरुस्त करता येते," भाई म्हणाला. "माणूस बांधावर पडला तर?"

हेच सांगायला तो गजाननभाऊंच्या घरी गेला होता. दोघांनी मिळून सापळे पुन्हा रोवले. तेव्हापासून प्रत्येक मेसेजच्या शेवटी भाईची एक ओळ असते: "नाकातोंडाले बांधल्याशिवाय पंप उचलू नका."

परवा कंपनीतून निरोप आला, पहिला नंबर बदल, तुझा टाक. मी स्क्रीन उघडला आणि रडतच बसले. राहून गेलं.

आणि काल सकाळी अलर्ट लागला. स्क्रीनवर दिसलं, गेला भाईच्या नंबरवर.
 आता तो फोन कोण बघणार? अळी काही आमच्या दुःखासाठी थांबत नाही.

घाईनं गजाननभाऊंना फोन लावला.
"मी सापळ्यापाशीच उभा हावो," ते म्हणाले. "भाभीचा फोन येऊन गेला ना."

नसीमभाभी. रफिकभाईची बायको. घरात माणसं बसलेली, कुराण पढणं चाललेलं, आणि या बाईनं नवऱ्याचा फोन वाजल्याबरोबर जानेफळला फोन लावला!

मी तिला विचारलं, "भाभी, यादीतून हा नंबर काढू का? तुम्हाला त्रास..."
"काहाले? त्याइनं सांगेल होतं, हा फोन वाजला का पह्यले गजाननभाऊले लावजो. फोन तर चालूच हाये."

पतंग होते, भाई. गजाननभाऊंनी स्वतः पाहिले. मेसेज गेला, तुझ्या ओळीसकट. आज सगळं गाव नाकातोंडाला बांधून शेतात आहे.

यादीत तुझा नंबर तसाच पहिला ठेवलाय. नाव तेवढं बदललं: नसीमभाभी.

आता खुशाल झोप, भाई. मोताळ्याच्या पोरीचा शेवटचा सलाम.