मांड्याचे हात

माझे हात थरथरतात. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही. धुळ्यात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या मंडळात एक जण भाषण द्यायला आला, तर म्हणे रोज सकाळी तीन गोष्टींचे आभार माना, म्हातारपण गोड होतं. स्वतः असेल चाळिशीचा. भरलेला चहाचा कप एका हातात धरून खुशाल बोलत होता. मला तो कप हिसकावून घ्यावासा वाटला.

तरी मानले मी आभार. दुसरं करणार काय? वहीत लिहायला गेले तर माझंच अक्षर मला लागेना, म्हणून तुळशीला पाणी घालताना तोंडानं म्हणायचे. नळाला पाणी आलं, आभार. गुडघा आज कमी ठणकतोय, आभार. तिसरं काही सुचायचं नाही. मग रडू यायचं, आणि निम्मं पाणी पायावर सांडलेलं असायचं.

खरं दुखणं वेगळंच आहे. चाळीस वर्षं मी मांडे केले, म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला उंडा लाटून घ्यायचा, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा. सगळ्याच बायकांना ते जमत नाही. शिरपूरपासून जळगावपर्यंत नात्यातल्या लग्नांत मला बोलावणं यायचं. हात थरथरायला लागले तशी मी गुडघ्याचं निमित्त सांगून नाही म्हणू लागले. घरातही सगळ्यांची जेवणं झाली की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायचे. घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा मांडीवर. सून दोनदा म्हणाली, मी भरवते. दोन्ही वेळा मी तिला असं काही बोलले की ती उठून बाहेर निघून गेली. भरवून घ्यायचं म्हणजे संपलंच की सगळं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मात्र मला खुमखुमी आली. लेक माहेरी आलेली, शेजारच्या अक्का येऊन बसलेल्या. सुनेनं विकतचे मांडे सांगून ठेवले होते. माझ्या घरात पितरांना विकतचं चालायचं नाही, असं तिला सुनावून मी परसातल्या चुलीपुढे बसले. पहिला मांडा हातावर घेतला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसरीला डावा हात उडाला आणि मांडा फाटून पुरणासकट चुलीत गेला. आखाजीला पितरांच्या नावानं विस्तवावर घास टाकतात, त्याला आम्ही आगारी म्हणतो. अक्का हसत म्हणाल्या, "भाऊंना आज धीर निघाला नाही, अख्खा मांडा परस्पर नेला."

भाऊ म्हणजे माझे मालक, जाऊन सहा वर्षं झाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दुसरा घेतला, तोही चुलीत गेला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही.

सून माझ्या जागेवर बसली. मी बाजूला पाटावर बसून नुसती बोलत राहिले. हात ओले कर, बोटं लावू नकोस, मनगटानं ढकल. तिचे तीन फाटले. चौथा खापरावर पडला, पातळ, रुमालासारखा, माझ्या मांड्यांपेक्षा किंचित मोठाच. अक्कांनी तिची पाठ थोपटली. मला आनंद झाला नाही. मला तिचा हेवा वाटला, तिच्या मनगटांचा, कोपरांचा, सगळ्याचाच, आणि माझी मलाच लाज वाटली. तेवढा चांगुलपणा माझ्यात नाही, त्याला मी काय करू?

दुपारी पानं मांडली तशी मी नेहमीप्रमाणे आत सटकले. सून माझं ताट घेऊन मागोमाग आली आणि समोर फतकल मारून बसली. आमरसात बुडवलेला मांड्याचा तुकडा तिनं माझ्यापुढे धरला. तिच्या हातावर चुलीचे दोन चटके लालभडक दिसत होते.

"आत्या, कसा झालाय ते तुम्हीच सांगा. बाहेरच्या बठ्ठ्या जणी उगाच कौतुक करताहेत."

मी घास घ्यायला हात उचलला, तो थरथरत ताटावर आपटला. तिनं घास तसाच धरून ठेवला होता. रस तिच्या मनगटावरून ओघळत होता. मी तोंड उघडलं.

"कणकेत मीठ कमी पडलंय," मी म्हटलं, आणि दुसऱ्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.