हरणीचं इनाम

मांजरसुंब्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवर विमलबाई राहते. वीस वर्षं झाली, ती रोज पहाटे कोयत्यानं कडबा तोडते आणि मग गाई पिळते. उजवा खांदा आता वर होत नाही. डोक्याला तेल लावायचं तर डाव्या हातानं. नवरा पंडित यानं जन्मात एकदाही गाय पिळलेली नाही, पण चौकात बसला की 'माझ्या गाई' याशिवाय त्याला दुसरा विषय नाही. आयत्या बिळावर नागोबा.

यंदा निवडणुकीवर डोळा ठेवून एका पुढाऱ्यानं दुधाची स्पर्धा भरवली. पहिलं इनाम, वैरण कापायचं कुट्टी मशीन. बॅनरवरचं चित्र पाहिलं आणि विमलबाईचा जीव त्यात अडकला. मशीन दारात आलं तर खांदा सुटेल, एवढंच तिला हवं होतं. पंडितला मशीनशी देणंघेणं नव्हतं. त्याला फेटा हवा होता आणि पेपरात फोटो.

नियम साधा होता. आदल्या संध्याकाळी पंचांसमोर गाईची कास पूर्ण रिकामी करायची, आणि दुसऱ्या सकाळचं दूध मोजायचं. पण नियम म्हणजे दुसऱ्यानं पाळायची गोष्ट. एरवी सप्त्यात टाळ कुटणारी माणसं त्या मैदानात एकजात चोर निघाली. शेजारच्या सुग्रीवनं दोन दिवस वासराला आईजवळ फिरकू दिलं नव्हतं. कुणी खिशात पान्हा सोडवायचं इंजेक्शन घेऊन आलं होतं. कास रिकामी झाल्यासारखं दिसावं म्हणून एकानं बादलीच्या तळाशी आधीच पाणी ठेवलं होतं, आणि तोच दुसऱ्यांच्या बादल्या वाकून वाकून तपासत होता. चोराच्या उलट्या बोंबा. पंच निवांत चहा पीत होते.

विमलबाई हरणी गाईची कास रिकामी करायला बसली, तसा पंडित तिच्या कानाशी लागला. "आत दोन-तीन लिटर राहू दे. समदे तसंच करायलेत."

"कासंत दूध ऱ्हायलं की दगडी व्हती. ठाव न्हाई का?"

"एका रातीत काय व्हत न्हाई. मशीन पायजे का न्हाई तुला?"

इथं विमलबाई फसली. या माणसाची लायकी तिला लग्नाच्या आठव्या दिवशीच कळली होती, तरी फसली. खांदा ठणकत होता. तिनं हात आखडता घेतला. हरणीनं मान वळवून पाहिलं, तेव्हा तिला त्या गाईकडं बघवेना.

सकाळी हरणीनं साडेबारा लिटर दिलं. पहिला नंबर. पंडित फेटा बांधून माईकवर बोलला, की आम्ही रात्रंदिवस मेहनत घेतो. विमलबाई खाली दावं धरून उभी होती. सुग्रीवचा दुसरा आला, म्हणून तो पंचांना शिव्या घालत गेला. पहिला आला असता तर याच पंचांच्या पाया पडला असता.

मशीन आलं ते ताडपत्रीत गुंडाळून, दोरीनं आवळून. पंडितनं ते पडवीत मधोमध ठेवलं आणि वर हार घातला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा, तोही विमलबाईच्या हातचा. सुरू करा म्हटलं की तो म्हणायचा, "लई लाईट खातंय ते." नाहीतर, "इनाम हाय, वापरून खराब करतीस का?" असे तीन आठवडे गेले. विमलबाई कडबा तोडतच राहिली.

तिकडं स्पर्धेनंतर चौथ्याच दिवशी हरणीची कास दगडासारखी घट्ट झाली होती. डॉक्टरनं सुया टोचल्या. तीन सड वाचले, चौथा कायमचा गेला. विमलबाई गोठ्यात बसून रडली. गाईपुढं रडायची तिला लाज वाटली नाही. पंडितपुढं वाटली असती.

एका सकाळी तो चौकात गेला आणि तिनं दोरी कापून ताडपत्री ओढली. आत पत्रा, एक चाक, त्यावर पुढाऱ्याचं स्टिकर. मोटर नव्हती. पातंसुद्धा नव्हतं. नुसता सांगाडा.

तेवढ्यात पंडित दोन पाहुण्यांना घेऊन अंगणात आला आणि जागीच थांबला.

"तुमाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"उतरवतानाच," तो हळूच म्हणाला. "मोटर इलेक्शननंतर देतो म्हनलेत."

विमलबाईनं कोयता उचलला आणि कडब्याची पेंढी पुढं ओढली.

"झाका ते परत," ती म्हणाली. "पाव्हणे बघायला आलेत."