शिलाई मशीनच्या पावत्या

सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन नामपूरकडून नाशिक रोडला आले, तेव्हा चाळीतल्या बायका शिवण शिकत होत्या आणि मशीन मात्र एकीच्याच घरी होतं. अशात बाजारात एक दुकान निघालं. पाचशे रुपये भरा, महिन्याने मशीन न्या. दुकानदार मला म्हणाला, "ताई, बारा जणी आणा, तुमचं मशीन फुकट."

मी आणल्या. पैसे गोळा करून मी त्याला नेऊन देत होते; पावत्या फाडायला त्याने कोरं पावतीपुस्तक दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी सही मागत होतं, म्हणून प्रत्येक पावतीवर मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. दुकानाचं नाव कुठेच नाही, हे ध्यानातच आलं नाही.

दीड महिन्याने दुकानाला कुलूप. शेजारची आजी सटाण्याकडची, त्या बारा जणींतलीच; रोज नळावर टोमणा मारायची, "काय शेठाणी, कधी येतंय मशीन?"

शेवटी मागच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. ते कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

"मला आत टाकतील का हो, काका?"

"आधी चहा घे. हे बघ, माल उशिरा आला म्हणून गुन्हा होत नाही. द्यायचाच नाही असं मनात धरून पैसे घेतले, तर ती फसवणूक."

"त्याच्या मनातलं कसं कळायचं?"

"गाळ्याच्या मालकाला विचार."

मालक म्हणाला, गाळा सोडतोय असं दुकानदाराने कुलूप लावायच्या पंधरा दिवस आधीच सांगितलं होतं. माझ्या शेवटच्या चार पावत्या त्या पंधरा दिवसांतल्या होत्या. काका म्हणाले, "सापडलं त्याचं मन. पण पावत्यांवर नाव तुझं आहे, पोरी. पोलीस पहिलं तुलाच विचारतील."

तरी त्याच संध्याकाळी मी बायकांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. हवालदारांनी पावत्या चाळल्या आणि मान वर केली.

"पैसे घेणारी ही बाई कोण?"

मी बोलायच्या आत आजीच पुढे झाली आणि अहिराणीत म्हणाली, "ती आमनी शे. आमनासंगे ती बी बुडनी."

"मराठीत सांगा, आजी."

"आमचीच आहे ती, ती पण फसली म्हणते मी! आमच्यातच लिहा तिचं नाव."

हवालदारांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. माझं नाव फिर्याद देणाऱ्यांत लिहिलं गेलं.

तो माणूस सापडला नाही, पैसेही गेले. मला मात्र त्या दिवसाबद्दल आजही बरं वाटतं. चौकीबाहेर आल्यावर मी रडायला लागले, तर आजीने दंडाला धरून ओढलं. "चाल व माय, घरी सैपाक बाकी शे."