राजण्णा मिस्त्री ‘जावा’ म्हणायचे

निघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘या’ म्हणतात. राजण्णा मिस्त्री ‘जावा’ म्हणायचे. सोलापुरात अक्कलकोट रोडला, टॉवेलचे कारखाने मागे पडले की पत्र्याच्या छपराखाली त्यांचं गॅरेज होतं. गाडी आत आली की ते आधी चावी मागून घेत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. काम मनासारखं झालं की चावी गाडीवाल्याच्या हातावर ठेवत आणि तेवढा एकच शब्द बोलत. तो शब्द येईपर्यंत गाडी बाहेर पडत नसे. नव्या गिऱ्हाइकाला हा उद्धटपणा वाटे. जुने लोक त्या शब्दासाठीच येत.

असं अभद्र का बोलता, असं एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं होतं. राजण्णा म्हणाले, “या म्हटलं तर परत येतील की. माझ्याकडनं गेलेली गाडी त्याच कामासाठी परत आली, तर मी मिस्त्री कसला?”

ते मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, दुकानात मराठी. कपाळाला विभूती, बोटांच्या पेरांत वर्षानुवर्षांचं ग्रीस. त्यांचं खास काम म्हणजे पिकअपची पुढची बाजू. पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. त्याच्या एका टोकाला रबरी बुश असतात, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. बुश झिजले की गाडी खडखडते आणि एका बाजूला ओढते. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. राजण्णा गाडी जॅकवर घेत, जॉइंटवर उघडा तळवा ठेवत आणि दुसऱ्याला चाक हलवायला सांगत. मग डोळे मिटत. त्या अवस्थेत त्यांच्याशी बोललेलं चालत नसे.

माझा थोरला भाऊ, दत्तादादा, सोलापुरातून चादरी आणि टॉवेल भरून वेळापूर, नातेपुत्याच्या बाजाराला नेत असे. त्याची पिकअप खडखडायला लागली तेव्हा तो मला बरोबर घेऊन राजण्णांकडे गेला. ती आमची पहिली भेट.

“मिस्त्री, उद्या वेळापूरचा बाजार हाय. तेवढा आवाज बंद करा अन् सोडा.”

“आवाज बंद करायचा तर रेडिओ लावा की मोठ्यानं,” राजण्णा म्हणाले आणि त्यांनी चावी खिशात टाकली.

तपासून झाल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंचे आर्म बदलायचे असं सांगितलं. दादाचं म्हणणं, आवाज डावीकडून येतोय, उजवा बरा आहे, सध्या डावाच बदला.

“वेळापुरात एक बैल तरणा अन् एक म्हातारा जुंपता का तुमी?”

“बैलांचं तुमाला काय कळतंय? चावी द्या.”

“न्हाय.”

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “मिस्त्री हाय का सासरा? पोरगी द्यायची असल्यागत चौकशी चाललीय.” राजण्णांनी ऐकलं, पण तोवर ते पोतं अंथरून गाडीखाली गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे आर्म बसले होते. दादा माल भरून निघायच्या तयारीने हमालांना घेऊन आला. राजण्णांनी जॅक काढून गाडी जमिनीवर उतरवली आणि म्हणाले, “आता भरा गठ्ठे.”

“हितं? गॅरेजात?”

“हितंच. बोल्ट अजून ढिले हायती. रोजचा माल अंगावर घेऊन गाडी उभी राहिली की मगच शेवटचं आवळायचं. चप्पल घेताना उभं राहून माप देतोय का न्हाय माणूस? झोपून दिलं तर चावते.” गाडी हवेत असताना आवळलं तर खाली आल्यावर बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. बहुतेक गॅरेजांत एवढं कुणी थांबत नाही. हमालांनी कुरकुरत गोदामातून गठ्ठे हातगाडीवर आणले आणि चढवले. राजण्णा त्या भरल्या गाडीखाली आडवे झाले, प्रत्येक बोल्ट आवळला, बाहेर येऊन हात पुसले आणि चावी दादाच्या हातावर ठेवली.

“जावा.”

तोवर दुपार झाली होती; दादा बाजार चुकल्याबद्दल आठवडाभर बोलत होता. पण त्यानंतर त्याने गाडी दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. गॅरेजवरून जाताना तो चहासाठी थांबू लागला आणि कधीकधी मीही सोबत असे.

चहा पितानाच पहिल्यांदा ते लक्षात आलं. हॉटेलवाला काचेच्या ग्लासातून उकळता चहा आणून देई. सगळे ग्लास काठाला धरत. राजण्णा पूर्ण मुठीत धरत. दादाने गमतीने विचारलं, “भाजत न्हाय का हो?” त्यांनी ग्लासाकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. नंतर त्यांच्या बोटांवर भाजल्याचे फोड दिसू लागले. सायलेन्सरला हात लागला असेल, म्हणत. कधी लागला हे त्यांना सांगता येत नसे. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी सांगितलं की हाताच्या शिरा गेल्यात, संवेदना परत यायची नाही.

याच सुमारास त्यांची बायको, काशव्वा, गॅरेजमध्ये येऊन बसू लागली. थोराड हाडाची, मोजकं बोलणारी बाई. दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची. गाडी जॅकवर चढली की राजण्णा तिला बोलावत. ती लुगड्याचा पदर खोचून खाली बसे आणि जॉइंटवर तळवा ठेवी. राजण्णा चाक हलवत. ती हलतंय किंवा हलत नाही एवढंच सांगे. लोक हसले. वहिनी आता मिस्त्री झाल्या, राजण्णा बसून खाणार, असं म्हणाले. राजण्णा म्हणाले, “हिच्या हाताला भाकरीची जाडी कळते. जॉइंटचा ढिलेपणा, प्ले, कळणार न्हाय व्हय?”

पण त्यांनी स्वतःचा हात ठेवणं सोडलं नव्हतं. आधी स्वतः बघत, मग तिला बोलावत. तिने नेहमी त्यांच्यासारखंच सांगावं, अशी त्यांची अपेक्षा असावी.

एके दिवशी जेऊरची एक पिकअप आली होती. तिचा ड्रायव्हर बायकोपोरांना केबिनमध्ये बसवून गावी निघालेला. वाटेत काळजी नको म्हणून फक्त दाखवायला थांबला होता. राजण्णांनी जॉइंटवर तळवा ठेवला, डोळे मिटले, ड्रायव्हरने चाक हलवलं. राजण्णा उठले. “एनू इल्ल,” काही नाही, असं बायकोला म्हणाले आणि त्यांनी खिशातली चावी काढली.

काशव्वा न बोलावताच चाकापाशी येऊन बसली. ड्रायव्हरला म्हणाली, “हलवा की पुन्हा.” मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “अद.” आहे.

“तुला काय कळतंय त्यातलं? जा, भाकऱ्या थाप.”

ती उठली नाही. तिने चावीसाठी हात पुढे केला. दादा आणि मी बाकावर बसलो होतो. ड्रायव्हर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. राजण्णांनी चावी बायकोच्या हातावर ठेवली आणि पाना घेतला. जॉइंट उघडला तेव्हा त्याचं रबर फाटलेलं होतं, आत कोरडी धूळ होती. दोन बोटांनी ओढल्यावर गोळा खोबणीतून बाहेर आला. ड्रायव्हरने गाडीतल्या पोराला खाली उतरवून कडेवर घेतलं. राजण्णा साबण लावून बराच वेळ हात धूत राहिले.

त्या दिवसापासून चावी काशव्वाच्या कनवटीला असे. तपासणी ती करी, काम राजण्णा करत. ती चावी देई, मग राजण्णा ‘जावा’ म्हणत. एक शब्द आता दोघांना मिळून बोलावा लागे. गिऱ्हाइकं हसायची थांबली होती.

दिवाळीच्या आधी काशव्वा थोड्या दिवसांच्या आजाराने गेली. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. राजण्णांनी मूठभर माती टाकली आणि ती हातातून सुटली की नाही हे हाताकडे पाहून घेतलं.

महिन्याभराने गॅरेज उघडलं असं कळलं. दादाची गाडी पुढून थोडी आवाज करत होती. खरं तर त्याला राजण्णांना भेटायचंच होतं. मी सोबत गेलो. राजण्णांनी नेहमीसारखी चावी मागून घेतली, गाडी जॅकवर घेतली आणि जॉइंटवर तळवा ठेवला. दादा चाक हलवत राहिला. राजण्णांनी डोळे मिटले नव्हते. ते आपल्या हाताकडे बघत होते.

“तुमी ठेवा जरा,” ते मला म्हणाले. मी हात ठेवला.

“हलतंय?”

मला लोखंडाचा गारवा जाणवला. बाकी काही कळलं नाही, आणि मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. गाडी खाली उतरवली, हात पुसले आणि चावी दादाला दिली.

“दुसरीकडं दाखवा. पुढच्या चौकात एक चांगला पोऱ्या हाय.”

“राजण्णा, तुमी बसवलेले आर्म हायती. तुमी नुस्तं जावा म्हणा, मी नातेपुत्यापर्यंत डोळे झाकून जातो.”

“तेच नको की,” राजण्णा म्हणाले.

चौकातल्या त्या तरुण मिस्त्रीने पहार घालून सगळं तपासलं. आर्म ठीक होते, बॉल जॉइंट घट्ट होते. आवाज दुसऱ्याच एका लहान रबराचा होता, ते त्याने तिथल्या तिथे बदललं. आर्म कुणी बसवलेत, असं त्याने विचारलं. एवढ्या दिवसांत बुश जरासुद्धा पिळलेले नाहीत, म्हणाला.

दादाने गाडी तशीच मागे वळवली. राजण्णा पान्यांना तेल लावून पेटीत भरत होते. दादाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. “काही झालेलं न्हाय बघा. तुमी जावा म्हणाला असता तरी बरोबरच झालं असतं.”

“बरं झालं,” राजण्णा म्हणाले. एक पाना पुसून त्यांनी पेटीत ठेवला. “पण मला कळलं नव्हतं की.”

त्या पान्यांचं काय करणार, हे आम्ही विचारलं नाही. ते लेकीकडे राहायला जाणार होते, हे नंतर समजलं. आम्ही निघालो तेव्हा ते छपराच्या कडेपर्यंत आले. दादा गाडीत बसला, चावी लावली आणि काचेतून त्यांच्याकडे बघत थांबला.

“या,” राजण्णा म्हणाले.

दादा आणखी थोडा थांबला. मग त्याने गाडी सुरू केली.