बिनभोकाचा पत्रा

पत्र्याला भोक पाडणाऱ्याला मी मिस्त्री मानत नाही. हे मी वडवणीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जागा मिळेल तिथं सांगत आलोय. सोलर बसवायचा माझा धंदा. लोक पत्र्याला भोकं पाडून पट्ट्या ठोकतात, वर डांबर फासतात आणि पावसाळ्यात घरभर घमेली मांडून बसतात. असल्यांना माझा एकच सवाल असतो: अरे बाबा, छत्री घेतल्यावर तिला भोकं पाडतोस काय?

म्हणून शिरूर कासारला सासूबाईंचं घर नव्यानं झाकायचं ठरलं, तेव्हा मी मध्ये पडलो. बोलावलं कुणी नव्हतं, पण जावयाला बोलवावं लागत नाही. जुने पत्रे आदल्या वर्षी वावधानानं, म्हणजे वादळी वाऱ्यानं, नेले होते. तेव्हा मेव्हणा आणि त्याची बायको ऊसतोडीला गेलेली. घरात मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन नातवंडं. पत्रे उडाले तेव्हा मामी त्या लेकरांना पोटाशी धरून ज्वारीच्या पोत्यांआड बसल्या होत्या. तेव्हापासून जरा वारं सुटलं, की लेकरांना घेऊन अंगणात येऊन उभ्या राहायच्या. छपराखाली असण्याचीच भीती बसली होती त्यांना.

"मामी, हे छप्पर आता हलत नसतंय. माझी जबान," मी म्हणालो.

मांजरसुंब्याच्या एका गोदामावर पाहिलेला उभ्या शिवणीचा पत्रा मी तिथं घालून घेतला. दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करायच्या आणि लुगड्याच्या निरीसारख्या एकात एक दुमडायच्या. ती निरी क्लॅम्पनं चिमटीत धरायची, क्लॅम्पवर पट्टी, पट्टीवर पॅनेल. अख्ख्या छपरावर माझं एक भोक नाही.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. "खिळा न्हाई, भोक न्हाई. मग ते वर कशानं ऱ्हाईल?"

मी त्यांना टॉर्कचा पाना दाखवला. "ह्यानं आवळायचं. पुरतं आवळलं की पाना कट् वाजतो. वाजला की समजायचं, बसलं."

"बरं जावईबापू," मामी म्हणाल्या.

धोंड्याचा महिना चालू होता. बायकोला आणि मला जेवायचं आवतन होतंच, तेव्हा एका खेपेत दोन्ही उरकू म्हटलं: पॅनेलं चढवायची आणि धोंडे खायचे. वरची ओळ झकास बसली. कट्, कट्, सगळे क्लॅम्प वाजले. खालच्या ओळीचे क्लॅम्प नुसते हातानं फिरवले होते, तेवढ्यात खालून हाक आली, ताट वाढलंय. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणानं उन्हात पाना घेऊन बसलेलं बरं दिसत नाही. मी उतरलो. तुपात बुडवलेले धोंडे, "अजून एक घ्या, माझी शपथ," असं करत किती झाले ते पोटालाच ठाऊक. मग जरा पाठ टेकली. उठलो तर गाडीची वेळ झालेली, आणि मेव्हण्यानं वरचं सामान गोळा करून पिशवीत भरून ठेवलेलं. छपरावर पॅनेलं कशी लखलखत होती! बघून छाती फुगली आणि आम्ही निघालो.

आठ दिवसांत मोबाइलवर दिसायला लागलं की वीज निम्मीच तयार होतेय. मी आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग इन्व्हर्टरला, मग ढगांना. शेवटी चरफडत शिरूर गाठलं आणि शिडीवर चढलो. खालच्या ओळीच्या पॅनेलांवर सात धोंडे! एकेक पायलीएवढा, आणि प्रत्येकाला जुन्या लुगड्याची चिंधी नीट गुंडाळलेली.

"काचंला वरखडा नको म्हणून," मामी खालून म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ऊन काचेवर पडतं, धोंड्यावर पडून वीज होत नाही, असं पुष्कळ सुनावलं. जुन्या पत्र्यावर दगड ठेवायचे दिवस गेले, हेही ऐकवलं. एकेक धोंडा खाली फेकला. वरच्या ओळीवर एकही धोंडा का नाही, हे विचारावं असं काही मला वाटलं नाही.

"बरं जावईबापू."

महिना सरता सरता वावधान आलं, भर दुपारी. शेजाऱ्याचे पत्रे बाभळीवर जाऊन अडकले. मेव्हण्याचा फोन आला, "आपलं छप्पर जिथल्या तिथं हाय." मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी कौतुक ऐकायला सासुरवाडीला गेलो.

वर चढलो. खालची ओळ वीतभर घसरली होती. सगळे क्लॅम्प ढिले, हातानं फिरत होते. पट्टीला नवं चऱ्हाट बांधलेलं, ते आढ्यावरून पलीकडं गेलेलं. वाकून बघितलं तर पलीकडं, भिंतीच्या मागं, मोडक्या जात्याची तळी लोंबत होती. जात्याच्या भोकातून चऱ्हाट ओवून पक्की गाठ मारली होती. तेवढ्या जात्यानं ओळ धरली होती. ती सुटली असती तर काचा थेट अंगणात आल्या असत्या. आणि वारं सुटल्यावर अंगणात कोण उभं असतं, ते मला ठाऊक होतं. लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली.

मामी शिडी धरून उभ्या होत्या. "ढिलं झालतं का काय, जावईबापू?"

"छे हो. उगं बघतोय."

ओळ वर सरकवली, पिशवीतून पाना काढला आणि एकेक क्लॅम्प आवळायला घेतला. कट्. कट्. शेवटचाही वाजला.

"आता वाजलं," मामी म्हणाल्या. "त्या दिशी वरच्या वळीचंच वाजलं होतं. धोंड्याचा महिना, जेवत्या जावयाला कसं बोलावं?" मग म्हणाल्या, "सोडू का आता ते जातं? उगं लोंबकळतंय."

मी हातातल्या पान्याकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, मामी."

"बरं जावईबापू."