तिला जवळचं दिसत नाही

बाबा गेल्यावरचं पुण्यानुमोदन आटोपायच्या आत त्यांच्या लेन्सला गिऱ्हाईक आलं.

ओळखीतलाच फोटोग्राफर. जेवून हात धुता धुता म्हणाला, "ताई, काकांची ती जुनी झूम आहे ना अजून? कंपनीने कधीच बंद केली. पण तिचा लूक आजच्या लेन्सला नाही. मागचं सगळं कसं विरघळतं!"

विरघळतं खरं.

मांडव विरघळतो. पाहुणे विरघळतात. फोटो काढणाऱ्याला कुठे उभं केलं होतं, तेही.

ब्रह्मपुरीला बाबांचा छोटा स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो तेच काढायचे. बोलवायचे सगळेच.

बोहल्याजवळ मात्र सगळे येऊ देत नसत.

"भाऊ, तुमी तिथूनच काढा ना. इथी पूजा मांडली हाये."

मग बाबा मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे राहायचे. लेन्सची नळी मागेपुढे सरकवत नवरीचे डोळे अलगद जवळ आणायचे.

अल्बम पाहून बायका म्हणायच्या, "एवढ्या जवळून कवा काढला जी? तुमी तं दिसलेच नाई!"

बाबा नुसते हसायचे.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची. एकदा विचारलं, "बाबा, तुमी आत काऊन नाई जात?"

"लेन्स तशी हाये बाई. तिले जवळचं दिसत नाई."

मला पटलं. शाळेत ऐटीत सांगितलंसुद्धा.

त्याच उन्हाळ्यात एका लग्नात नवरीनेच बोहल्यावरून हाक मारली, "फोटोवाले भाऊ, लांबून काऊन काढून राह्यले? या ना इथी!"

नवरीचा मामा दुसरीकडेच बघायला लागला.

बाबांनी चपला काढल्या. एक पाऊल पुढे टाकलं.

आणि मी त्यांचा शर्ट ओढून ओरडले, "बाबांच्या लेन्सले जवळचं दिसत नाई!"

सगळे हसले. किती सुटल्यासारखे हसले!

"पोरगी हुशार हाये भाऊ तुमची," मामा म्हणाला.

बाबांनी चपला परत पायात घातल्या. खांबाजवळ गेले.

त्यानंतर कुणी त्यांना तसं आत बोलावल्याचं मला आठवत नाही. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. तो विषयही कधी काढला नाही.

आज पाहुणे गेल्यावर लेन्स पुसायला घेतली. रिंगवर फोकसच्या अंतराचे आकडे कोरलेले आहेत. एवढ्या वर्षांत मी ते वाचलेच नव्हते.

सगळ्यात लहान आकडा १.८ मीटर.

तीन पावलं.

लेन्स द्यायची नाही. कृपया कुणी विचारू नका.

बाबा, तिला दिसत होतं हो जवळचं.

आणि तुम्ही चपला काढल्या होत्या.

जयभीम, बाबा.